देते म्हटलेली कॉपी

मित्रांनो, मी एक जुना टेपवाला कॅमेरा आहे. बनलो परदेशात, पण कामाला लागलो ते डोंबिवलीच्या समिधा मॅडमच्या हातात. मॅडम माहितीपट काढायच्या. माझ्या पोटात बोटभर कॅसेट बसे आणि तिच्यावर माणसांचं दिसणं-बोलणं उमटे.

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी बायकांवर आम्ही फिल्म केली. चिखलाने अंग बरबटलं, तरी मी कुरकुर केली नाही. त्यांच्यातली कलावती चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, निवडत बसली होती, शेजारी तिची लहानगी सोनल. खाडीचं पाणी काळं कसं झालं, जाळ्यात प्लास्टिकच कसं येतं, सगळं ती मोकळेपणी बोलली. शेवटी म्हणाली, "कॉपी देशील ना गो मला?"

"देते हो, नक्की," मॅडम म्हणाल्या.

फिल्ममध्ये कलावती नुसती चालताना दिसते. तिचं बोलणं लांबतंय म्हणून कापलं गेलं, ते फक्त मूळ कॅसेटवर राहिलं. फिल्मला बक्षीस मिळालं आणि मॅडमना विद्यापीठात शिकवायला बोलावलं. मला टेबलावर ठेवून त्या मुलांना सांगत, "माणसं आपल्याला जगणं काढून देतात. त्याची जाण ठेवा." मी फुगून जायचो. मग मोबाइलची मिजास सुरू झाली आणि माझी रवानगी कॅसेटींसकट विभागाच्या ओलसर कपाटात झाली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मॅडम काही वाईट नव्हत्या. पण कधी परीक्षा, कधी नवी फिल्म, आणि कलावतीची कॉपी राहूनच गेली.

मागच्या महिन्यात सोनल विभागात आली. आता ती ठाण्यातच खोपटला एका दुकानात काम करते. म्हणाली, "मॅडम, आई गेली तेव्हा मी लहान होती. तिचा आवाजच आठवत नाय मला. ती कॅसेट आहे का अजून?"

मॅडमनी लगबगीने मला बाहेर काढलं आणि ती कॅसेट माझ्या पोटात बसवली. मी सगळा जीव एकवटला. पडद्यावर कलावती दिसली. तिने पदर सावरला, बोलायला तोंड उघडलं, आणि माझी गंजलेली चाकं अडकली. बुरशी लागलेली टेप आत चुरगळली, चित्र-आवाज धरून ठेवणारा तिचा थर सुटला, ती तुटली. मॅडम तुकडे ओढून काढत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

"काय बोलली ती?" सोनलने विचारलं.

मित्रांनो, यंत्रं पुसा, कपाटं कोरडी ठेवा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या मोबाइलमध्ये कुणाचं बोलणं असेल, तर ते त्याच्या घरी आजच पोचवा. माझं काय, मी भंगारात जाईन. सोनल मात्र रिकाम्या हाताने परत गेली, आणि तिला आईचा आवाज आता कधीच ऐकता येणार नाही.