गौरीच्या कोठीला दाढी

मी एक जुनी कोठी आहे, मित्रांनो. धान्याची नव्हे, गौरीची. भाद्रपदात तुमच्या घरी गौर येते, जरीची साडी नेसून, नथ घालून ऐटीत उभी राहते, तेव्हा तुम्ही तिच्या मुखवट्याकडे बघून हात जोडता. साडीच्या आत कोण उभं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आत मी असते. पत्र्याचं पोट, लोखंडाचे पाय आणि मुखवटा बसवायला वर नळी असलेलं झाकण, एवढंच माझं रूप. पण माझ्यावाचून तुमची गौर उभी राहून दाखवू दे!

झाशीला ओरछा गेटापाशी एक पत्रेवाला बसत असे. त्याने मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला घडवलं. गौर कशी असते हे त्या भल्या माणसाने कधी पाहिलं नव्हतं. "इसमें रखोगे क्या?" असं त्याने विचारलं, तेव्हा या घरच्या गोपाळरावांच्या आई म्हणाल्या, "इसमें लक्ष्मी रहेगी, भैया."  माझ्या सगळ्या कडा आत दुमडून त्याने त्या नीट ठोकल्या. म्हणून आजवर एकाही साडीचा धागा माझ्यात अडकलेला नाही.

आमच्या घरची रीत आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. गौर येते ती दारातून, पावलांवरून, ताट-चमचा वाजवत. माझ्या पोटात गहू, तांदूळ, लाडू, करंज्या भरतात. गौर जेवली, तिला दहीभात दिला, अक्षता टाकून तिला जागची हलवली, की मगच माझ्या पोटात हात घालायचा. त्याआधी नाही. आणि परत माळ्यावर ठेवताना मला रिकामी ठेवायची नाही, मूठभर तांदूळ आत ठेवायचे. गोपाळरावांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई, म्हणजे घरातल्या मुलांची आजी, ही रीत लग्न होऊन आल्यापासून पाळत आल्या आहेत.

सणात माझा काय थाट असतो म्हणून सांगू! हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणतात, "काय गं बाई, सजीव दिसते!" सण सरला की मी माळ्यावर, कूलरच्या सडक्या जाळ्या आणि मोडक्या सायकलीच्या शेजारी. माणसांची आठवण किती टिकते हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता त्या नाताळाचं ऐका.

गोपाळरावांचा मुलगा मकरंद हा हौशी माणूस आहे. हौशी माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्यांना हौस तेवढी असते, विचारायची अक्कल नसते. त्याच्या पाच वर्षांच्या ईशाने शाळेतून येऊन सांगितलं की, सगळ्यांच्या घरी सांता येतो, आपल्याच घरी येत नाही. झालं, बापाच्या अंगात आलं! आजी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेल्या होत्या. त्या बाहेर पडतात न पडतात तोच याने बहिणीला तिथेच ठेवून मला माळ्यावरून ओढून काढलं.

त्याची बायको स्वराली म्हणाली, "अहो, आईंना विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? डब्बाच तर आहे!"

डब्बा! माझ्या खांद्यांवर या घरच्या तीन पिढ्यांच्या साड्या नेसवल्या गेल्या, आणि हा मला डब्बा म्हणतो. त्याने मला उलटी केली. भाद्रपदात ठेवलेले तांदूळ फरशीवर सांडले. ते त्याने केरसुणीने लोटले आणि कचऱ्यात टाकले. मग माझ्या पोटात चकचकीत कागदात गुंडाळलेली खेळणी कोंबली. अंगावर खिडकीचा लाल पडदा आला. नळीवर सदर बाजारातून आणलेला प्लास्टिकचा मुखवटा आला, गाल फुगलेला, डोळे बटबटीत. दाढीला फाटक्या रजईतला कापूस. त्या कापसाला कुणाच्या तरी जुन्या सर्दीचा वास येत होता. एवढं करून हा शहाणा दूर उभा राहिला आणि म्हणाला, "वा!"

ईशा मात्र वा म्हणाली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पप्पा, हा तर आत होता. पाहुणा आत नाही बनत, बाहेरून येतो."

"अगं बेटा, आ तो गया!"

"नाही. पावलं कुठे आहेत?"

तिने ऐकलं नाही. मला उचलून उंबऱ्याबाहेर न्यावं लागलं. सांता बूट घालतो, म्हणून तिने रांगोळीने बुटांची पावलं काढली, एकेक भाकरीएवढं. तिचा दादा रोहित ताट बडवत पुढे चालला आणि त्या पावलांवरून मी आत आले. खरं सांगते, त्या घरात त्या दिवशी रीतभात कळणारं माणूस एकच होतं आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

मला गौरीच्याच कोपऱ्यात उभं केलं. तेवढ्यात आजी परतल्या. बरोबर शेजारच्या शर्मा भाभी होत्या. माझ्याकडे पाहून त्या खो खो हसल्या.

"अरे अम्माजी, इस बार गौरा मैया की दाढ़ी कैसे निकल आई?"

आजी हसल्या नाहीत. त्यांनी मला पायापासून दाढीपर्यंत पाहिलं, मकरंदकडे पाहिलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. चहा नेला तो तसाच परत आला. गोपाळरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. बायकोची बाजू घ्यायची की मुलाची, असा प्रश्न आला की हा गृहस्थ बातम्या वाचतो.

संध्याकाळी केक कापला. फोटो झाले. मोठ्यांनी आधी स्वतःची तोंडं भरली, मग मुलांची. माझ्यापुढे कुणी कणभरही ठेवलं नाही. मला भूक लागत नाही, मित्रांनो, पण ईशाचा तुकडा तिच्या हातातच राहिला. ती वाट बघत होती. आता कुणीतरी ताट वाढेल, आता पाहुण्याला जेवायला म्हणेल. कुणी म्हणालं नाही.

मकरंदला घाई झाली होती. त्याला व्हिडिओ काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा होता. त्याने मोबाइल स्वरालीच्या हातात दिला आणि आरोळी ठोकली, "चलो, अब सांता का गिफ्ट निकालते हैं!" एवढं बोलून त्याने माझी दाढी धरली आणि मुखवटा उपसायला लागला.

ईशा किंचाळली. तिने धावत येऊन माझ्या पायांना मिठी मारली.

"नको! त्याने अजून खाल्लं नाही! उपाशी पाठवला तर तो परत कधीच नाही येणार!"

"बेटा, आत गिफ्ट आहे तुझं."

"नको मला गिफ्ट! आधी जेवण!"

"ये सांता नहीं है रे, डब्बा है!" असं म्हणून तो हसला.

एखादा बाप इतका मूर्ख असू शकतो, हे मी माळ्यावर बसून कधी मानलं नसतं. ईशाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि आजीच्या दारापाशी गेली.

"आजी, तू ये ना. पाठवायला तुलाच येतं."

आतून आवाज आला, "तो माझा पाहुणा नव्हे."

"पण दारातून आलाय, आजी. पावलांवरून आलाय. मीच आणलाय."

 मला वाटलं, ही बाई काही उठत नाही, आणि का उठावं तिने? मग कडी वाजली. आजी बाहेर आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. दहीभात कालवून वाटीत घेतला, दुसऱ्या हातात अक्षता घेतल्या.

"आजी, ओटी पण भरायची?"

"पुरुषाची ओटी भरतात का कुठे? टिळा लाव."

प्लास्टिकच्या कपाळावर टिळा लागला. आजींनी दहीभाताचा घास मुखवट्याला लावला, तो सगळा दाढीत अडकला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दर वर्षी ठेवतात तसाच, आणि अक्षता टाकून मला हलवलं.

"आलास तसा सुखरूप जा. पुढच्या वर्षी पुन्हा ये," त्या म्हणाल्या. मग मकरंदकडे वळून म्हणाल्या, "आणि येताना घरच्यांना विचारून ये."

मकरंदने मान खाली घातली. व्हिडिओ काढायचं स्वराली विसरून गेली होती.

मग दाढीसकट मुखवटा उतरला आणि ईशाने स्वतः माझ्या पोटात हात घातला. रोहितला गाडी मिळाली, तिला बाहुली. पडदाही उतरला. मकरंद मला उचलून माळ्याकडे निघाला.

"थांब," आजी म्हणाल्या. "रिकामी नेतोस? हिच्यात तांदूळ होते ते कुठे गेले?"

त्याची नजर केरसुणीकडे गेली.  आजीचा चेहरा असा उतरला की त्या दिवशी पहिल्यांदाच मला राग सोडून दुसरं काही वाटलं. ईशा आत गेली, तांदळाच्या डब्यातून मूठ भरून आली. निम्मे दाणे वाटेत सांडले. उरलेले तिने माझ्या पोटात टाकले आणि आत डोकावून हळूच म्हणाली, "पुन्हा ये हं."

तर मित्रांनो, मला खुशाल डब्बा म्हणा. दाढी लावा, पडदा नेसवा, शेजाऱ्यांना हसवा. नाताळ करा नाहीतर आणखी काही करा, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण घरात ज्याला वाजतगाजत आणाल त्याला उपाशी घालवू नका आणि ज्याच्या पोटातून घ्याल त्याला रिकामं ठेवू नका. आता मी पुन्हा माळ्यावर आहे, त्याच मोडक्या सायकलीशेजारी. खाली कुणी दार आपटलं की माझ्या पोटात ईशाचे दाणे वाजतात. फार थोडे आहेत, पण मी रिकामी नाही.