गावापर्यंत आलेली बस

कैचीकाकांचं केशकर्तनालय म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि गावभरच्या गप्पा. गावच मुळी मूठभर, त्यामुळे कोणाच्या डोक्यावर भोवरा कुठे आहे, हे काकांना तोंडपाठ होतं. बस थांबायची ती लांब मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावर. तिथून पुढे गावापर्यंत चढाची पायपीट. तिला कंटाळून तरणी पोरं एकेक करून शहरात राहायला गेली. गाव लहान म्हणून बस येत नाही आणि बस येत नाही म्हणून गाव आणखी लहान होतंय, हे त्रांगडं काही सुटेना.

शेवटी टपाल कचेरीतल्या बाईंनी बस आगाराच्या साहेबांचं डोकं खाऊन खाऊन त्यांना वळवलं. साहेब म्हणाले, आठवडाभर बस गावापर्यंत पाठवतो. भरली तर कायम, नाहीतर फाटा आहेच.

बाई घरोघर फिरल्या. ज्याला काम आहे त्याने जायचं, ज्याला नाही त्यानेही जायचं. काकांनी गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं.

"काका, नुसतं बसायचंय," बाई म्हणाल्या. "ते तुम्हाला छान जमतं."

पहिले काही दिवस बस खचाखच भरली. कुंभाराने एक मडकं शहरात नेलं आणि तसंच परत आणलं. विकलं नाही का, असं कंडक्टरने विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "हवा खायला नेलं होतं."

काकाही गेले. शहरात उतरले खरे, पण करायचं काय? पाय आपसूक थोरल्या बहिणीच्या गल्लीकडे वळले. कित्येक वर्षांत भेट नव्हती. अक्का येत नाही म्हणून काका रुसलेले, आणि भाऊ फिरकत नाही म्हणून अक्का फुगलेली. दार अक्कानेच उघडलं.

"केस बघ किती वाढलेत," ती म्हणाली. "न्हावी ना तू? ये आत."

चहा होईपर्यंत दोघांचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. फाट्यापासूनचा चढ तिच्याही गुडघ्यांना झेपत नव्हता, एवढंच. बोलता बोलता काकांना कळलं, की त्या गल्लीत निम्मं गावच राहतंय. सगळ्यांना घरी यावंसं वाटे. पण लेकरं आणि सामानसुमान घेऊन तो चढ कोण चढणार? बस आता थेट गावात जाते, हे कोणाला ठाऊकच नव्हतं. काकांनी ते सांगितलं, आणि अक्काने गल्लीभर करायचं काम आनंदाने अंगावर घेतलं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी नेमकी कापणी जोरात होती. सकाळी बसमध्ये काका, बाई आणि रिकामी बाकडी. बाईंचा चेहरा एवढासा झाला. स्वतः आगाराचे साहेबच पाहणीला आलेले. संध्याकाळी शहरातून परतीच्या फेरीला बसच्या दाराशी उभे राहून ते मान हलवत होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून अक्का आली. मागे सुना, जावई, पोरं, बोचकी, एक सायकल आणि पाळण्यातलं तान्हं बाळ. बसमध्ये मुंगी शिरायला जागा उरली नाही.

"हे सगळे एकाच गावाला?" साहेबांनी विचारलं.

"माहेरी निघालोय," अक्का म्हणाली. "सरका जरा, पाळणा आत घ्यायचाय."

साहेब सरकले. त्यांनी नंतर बाईंना सांगितलं, की आपण फक्त गावातून निघणाऱ्यांचा विचार केला होता. गावाकडे येणाऱ्यांचा विचार डोक्यातच आला नाही.

बस कायम झाली. पुढच्या वर्षी अक्काचा धाकटा मुलगा बायकापोरांसह गावात राहायला आला. कामाला तो बसनेच जातो. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन बिऱ्हाडं आली. काकांना आता नवीन भोवरे पाठ करावे लागतात, आणि त्यातला एक पोरगा तर खुर्चीत दोन मिनिटंही स्वस्थ बसत नाही.