बाबांचा दुपारचा शेक

दहा तारखेला मी निंग्बो शहरात नोकरीला निघणार होते. तिथल्या एका शेककेंद्राला आमच्या छीचुन गावाकडची शेक देणारी बाई हवी होती. वाळल्या नागदवण्याच्या पाल्याची शेकायची कांडी हातात घेऊनच आम्ही जन्मतो असा बाहेरच्यांचा समज आहे, तो मी कशाला मोडू? वय अडतीस. आई गेल्यापासून सात वर्षं रोज दुपारी बाबांच्या पायांना शेक दिला, त्यापायी कुणाच्या लग्नालासुद्धा मुक्कामाला राहिले नाही. निघायचं ठरलं तेव्हा हरखून गेले होते, खोटं कशाला बोलू.

माझ्यामागे शेक द्यायला धाकट्या भावाची बायको फांगलिन तयार झाली. म्हणजे आठवडाभर फुगून बसली आणि मग तयार झाली. चार तारखेला मी तिला शिकवायला घेतलं. जागा गुडघ्याखाली चार बोटांवर, पेटती कांडी कातडीपासून दोन बोटं वर, राख वेळेवर झाडायची आणि बाबांना विचारत राहायचं. मला आता कातडीच्या रंगावरूनच कळतं, पण ते यायला वर्षं जातात.

"सोपं आहे की, ताई," फांगलिन म्हणाली. "चटका बसला तर बाबा ओरडतीलच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कांडी माझ्या हातात कोंबून ती अंगणात गेली. तिच्या नवशिक्या हातात राख साचून कांडी विझली होती. मी पेटवायला काडी शोधत होते, तर डोळे मिटलेले बाबा म्हणाले, "हां, आता बरोबर लागतंय. ऊब पार घोट्यापर्यंत गेली."

मी कांडीच्या टोकाला बोट लावलं. गार. त्यांच्या नडगीला नख रुतवलं, तरी ते तसेच सुखात पडून होते.

"बाबा, कांडी विझलीय."

त्यांनी डोळे उघडले. कांडीकडे बघितलं.

"पायाला कधीपासून कळत नाही?"

"शुगरनं तुझी आई असतानाच कमी व्हायला लागलं होतं. ती गेली त्या वर्षी पार गेलं."

"मग रोज 'जरा वर धर, जरा खाली घे' कशासाठी?"

"तू विचारायचीस," बाबा म्हणाले. "आणि तासभर बसायचीस."

मला इतका संताप आला की कांडी भिंतीवर फेकावीशी वाटली. माझी सात वर्षं! आणि संतापून तरी जाणार कुठे? फांगलिनला सांगितलं तर शेक उद्यापासून बंद, मग त्या खोलीत जेवणाचा वाडगा ठेवण्यापुरतंसुद्धा कुणी थांबणार नाही. नाही सांगितलं तर ती त्यांना भाजणार, आणि शुगरवाल्याची जखम भरत नाही.

बाबांना माझ्या मनातलं कळलं असावं. हळूच म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती विचारेल, मी सांगेन. तू जा, पोरी."

फांगलिन परत आली, तिनं कांडी पेटवली आणि धरली. फारच जवळ धरली. "बाबा, लागतंय का?"

"छान लागतंय," माझ्याकडे बघत बाबा म्हणाले.

मी मुद्दाम खिडकीकडे बघत बसले. मनात वीसपर्यंत मोजायचं, मग उठून बॅग भरायची असं ठरवलं. अकराला मान वळली. कातडी लालभडक झाली होती आणि बाबा हसऱ्या चेहऱ्यानं पडून होते.

मी फांगलिनच्या हातातून कांडी काढून घेतली. निंग्बोला त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.