अर्धं शटर

करिश्मानं दोनदा अंगठा टेकवला, तरी हजेरीचं मशीन काही बोलेना.

"आज त्याले सुट्टी हाये," गल्ल्यावरून गोपालसेठ हसले. "एक मे हाये ना बाप्पा! झेंडावंदन झालं, बुंदी खाल्ली, आता शटर अर्धं पाडा अन् साड्या काढा."

गडचिरोलीत लग्नसराईचा ऐन जोर होता. गिऱ्हाइकं वाकून आत येत होती.

"मशीनले सुट्टी, आपल्याले नाई," शेजारच्या काउंटरवरची सायमा पुटपुटली. "माह्या भावाच्या कंपनीत आज काम केलं तं डबल पगार भेटते, नाईतं बदली सुट्टी. कायदाच हाये तसा."

करिश्माच्या हातातला शालू थांबला. बदली सुट्टी! तिची आई मंगलीबाई भामरागडच्या पलीकडे राहायची. दुकान सोमवारी बंद असे, पण एका दिवसात जाऊन येणं होत नसे. सोमवारला मंगळवार जोडला की झालं. करिश्माची तान्ही लेक दिव्यानी नुकती रांगायला लागली होती आणि आईचा रोज फोन, "रांगते तवर आन वो पोरीले. आंगन सारवून ठेवलं. एक खडा नाई ठेवला, तिचे घुटने सोलतीन म्हून." पाऊस लागला की नदी पुलावरून वाहते, मग रस्ता बंद.

त्या दिवशी दुपारी दूध पाझरून तिचा ब्लाउज भिजला. पदर पुढे ओढून ती संध्याकाळपर्यंत साड्या दाखवत राहिली.

मे संपत आला तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, एक मेच्या बदली मले मंगळवारची सुट्टी द्या."

"कोनत्या एक मेच्या?" सेठनं मान वर केली नाही. "दुकान तं बंद होतं. मशीन पाहून घे, कोनी आलंच नाई."

"काऊन असं बोलता? दिवसभर उभी होती ना मी इथी!"

"झेंड्यासाठी आली असशीन हौसेनं. बुंदी नाई खाल्ली का?"

काउंटरवरची एकही पोरगी हसली नाही. करिश्माचे कान तापले. दिवस नुसता घेतला नव्हता या माणसानं. तो झालाच नाही असं ठरवून टाकलं होतं. मग ते पाझरलेलं दूध कुणाचं होतं?

पाऊस लागला, पूल बुडाला. आणि एका सकाळी दिव्यानी भिंत सोडून चार पावलं चालली. करिश्मानं आईला फोन लावला. पलीकडे कौलांवर पाऊस वाजत होता.

"चाललीच का?" आई म्हणाली. "बरं झालं."

पंधरा ऑगस्टला मशीन पुन्हा गप्प होतं. झेंडावंदन झालं, फोटो झाला, शटर अर्धं पडलं. करिश्मानं बुंदीचा द्रोण सायमाच्या हातात दिला आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुठी चालली?" सेठ ओरडले.

"घरी. आज सुट्टी हाये ना भाऊ. मशीन पाहा."

त्या शटरखालून सगळे वाकून जात. करिश्मानं खाली हात घातला आणि ते पार वरपर्यंत ढकललं. साड्यांचे ढीग, ढिगांमागे उभ्या पोरी, सगळं रस्त्याला दिसलं. सेठ गल्ल्यावरून उठेपर्यंत ती सरळ मानेनं बाहेर पडली होती.

घरी दिव्यानी दारापर्यंत चालत आली. करिश्मानं तिला उचललं, तिच्या गुडघ्यांवरून हात फिरवला. रांगून आलेले घट्टे आता मऊ पडत चालले होते.