हेरंबला शिकवलेला निरोप

तुमचा विश्वास बसणार नाही, पण दांडिया बाजारातली निम्मी माणसं माझ्याकडूनच बोलायला शिकली आहेत. मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो, कोपऱ्याला तडा गेलेला. मोहनाताईंच्या वर्गात राहतो. इथे येणाऱ्या स्वमग्न तरुण मुलांना चारचौघांतलं वागणं सांगण्यापेक्षा पाहून लवकर उमगतं, म्हणून ताई छोटे व्हिडिओ काढतात. माझ्या पडद्यावर कॉलेजातला उत्कर्ष दुकानात जातो, 'केम छो' म्हणतो, सामान घेतो. मुलं पाहतात आणि तसंच करतात.

माझा लाडका विद्यार्थी हेरंब. बावीस वर्षांचा. 'निरोप घेणे' हा व्हिडिओ त्याने घोटून घोटून पाहिला होता. उठायचं, डोळ्यांकडे पाहायचं, हसायचं आणि म्हणायचं, 'येतो काकू, आवजो.' आवजो म्हणजे इथल्या गुजरातीत 'पुन्हा भेटू'. मी कौतुकाने फुगलो होतो. लोक बघतात म्हणून त्याची आई, निरुपमाताई, त्याला कुठे नेत नसत.

मग त्याच्याशी कॅरम खेळणारे शेजारचे श्रीपतराव वारले. त्यांच्या पत्नीला, इंदिराबाईंना, भेटायला निरुपमाताई हेरंबला घेऊन गेल्या. सरावासाठी वर्गातून घरी नेलेला मी त्यांच्या पिशवीत.

सुतकाच्या घरून 'येतो' न म्हणता उठायचं असतं. हे आपल्याकडे कुणी मुद्दाम शिकवत नाही, म्हणून माझ्यातही नव्हतं. हेरंब उठला, इंदिराबाईंकडे पाहून छान हसला आणि म्हणाला, "येतो काकू, आवजो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मला पिशवीतही तोंड लपवायला जागा सापडेना. ते हसू माझ्याकडून घेतलेलं होतं, आणि मान खाली गेली निरुपमाताईंची. जिन्यात त्या हळूच म्हणाल्या, आता तुला कुठेच नाही नेणार.

पण मी काय हार मानणार? तिथल्या तिथे मी नवा व्हिडिओ दाखवला, 'सुतकात कसं बसावं'. कुणी न काढलेला, माझा मीच रचलेला! हेरंबने तो पाहिला, मागे वळला आणि इंदिराबाईंशेजारी नुसता बसून राहिला. त्यांनी त्याचा हात धरला. निरुपमाताई दारातून बघत राहिल्या. म्हणून सांगतो मित्रांनो, मला जपा, वेळेवर चार्ज करा, माझ्यावाचून तुमचं...

"खोटं," वर्गातल्या पुढच्याच खुर्चीवरून हेरंब म्हणाला. "तुझी बॅटरी संपली होती. मी परत जाऊन काकूंना विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, 'काही नाही रे, बस इथे.' मग मी बसलो. तू पिशवीत होतास."