मासाकच्या स्वयंपाकघरातली नऊ नंबरची खुंटी

ऐकताय ना? मी नऊ नंबरची खुंटी बोलतेय. चुलीशेजारी उभी दिसले म्हणून कमी लेखू नका. मी सरकारी आहे.

माझं झाड खूप दक्षिणेला होतं. नदीनं ओंडका समुद्रात आणला, समुद्रानं तो या उत्तर टोकाच्या किनाऱ्यावर टाकला. इथे झाड औषधालाही नाही. मोजणीवाल्या प्रुइट साहेबांनी त्यातून मला तासलं, डोक्याला लाल रंग फासला आणि म्हाताऱ्या मासाकच्या घरासमोर कड्यावर ठोकलं.

घर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. तो गेला, ती तिथेच राहिली.

माझं काम गप्प उभं राहायचं. दर उन्हाळ्यात साहेब माझ्यापासून कड्याच्या टोकापर्यंत मोजत. दहा पावलांहून कमी भरलं तर घर धोक्यात, मग सरकार ते आत ओढून नेणार, असा नियम.

पहिल्या वर्षी चाळीस पावलं भरली. मग एकोणतीस. मग सोळा. इथली जमीन म्हणजे बर्फानं धरून ठेवलेली माती. समुद्र हल्ली उशिरा गोठतो, तोवर लाटा कड्याचा पाया कोरतात आणि घराएवढं ढेकूळ धप्पकन खाली जातं. पुढच्या वादळात अशाच एका ढेकळाबरोबर मीही गेले.

उन्हाळ्यात साहेब आले.

"आजी, खुंटी कुठंय?"

"समुद्रात."

"मग मोजू कुठून?"

"माझ्या उंबऱ्यापासून मोज की. सात पावलं आहेत."

"उंबऱ्याला नंबर नाही, आजी."

त्यांनी लिहिलं: मोजणी झाली नाही, सबब धोका सिद्ध नाही.

मासाकचा भाऊ किग्नाक तडकला. "घर पडल्यावर तरी सिद्ध होईल का?"

"पडलेलं घर धोक्यात कसं राहील?" साहेब अगदी मनापासून म्हणाले.

मी तोवर फार लांब पोहोचले होते; हे बोलणं मला नंतर चुलीशेजारी ऐकायला मिळालं. थंडीत वाळू, गोटे आणि मी एकाच बर्फाच्या लादीत गोठलो. ती लादी किनाऱ्यानं वाहत गेली आणि वितळताना आम्हाला सगळ्यांना एका वाळूच्या दांड्यावर सोडून गेली. तिथेच ती भावंडं जाळी टाकायला आली.

मासाकनं मला उचललं. मग वाकून मूठभर वाळू-गोटे घेतले.

"किग्नाक, हे पांढरे गोटे बघ. माझ्या दारातले. माझं अंगण इथं येऊन बसलंय रे!"

"मग घरही आण इथं."

"भरतीला चुलीत मासे येतील, गाढवा." ती हसली, पण मूठ बराच वेळ उघडली नाही.

घरी आल्यावर किग्नाकनं विचारलं, "कड्यावर ठोकू?"

"पुन्हा पडेल. आत ठोक."

त्यानं मला स्वयंपाकघराच्या फळ्यांत ठोकलं आणि साहेबांना निरोप धाडला. साहेबांनी खिडकीतून पट्टी बाहेर सोडली. नऊ पावलं!

"धोका!" ते आनंदानं ओरडले.

जमीन पांढरी झाल्यावर ट्रॅक्टर आला. त्यानं घर चारशे पावलं आत ओढून नेलं. चूल, मासाक आणि मी आतच होतो. आठवड्याभरात वादळ आलं आणि जुनी जागा गेली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी पुन्हा पट्टी सोडली. आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"आजी, जमीन वाढली!"

"अरे, घर हललं."

"खुंटी हलल्याची नोंद नाही, आजी."

मग पत्र आलं. नव्या जमिनीबद्दल अभिनंदन. धोका टळल्यामुळे घर मूळ जागी न्यावं. किग्नाकनं ते वाचलं, तेव्हा मासाक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून कड्यापर्यंत चालत गेली. परत आली, तेव्हा हसत नव्हती.

"लिही," ती भावाला म्हणाली. "घर आणते. माझ्या स्वयंपाकघराच्या जुन्या जागी सध्या एक सील पोहतोय. आधी त्याला जागा खाली करायची नोटीस द्या."

उत्तर अजून नाही. आज मात्र साहेब स्वतः येतायत. बुटांचा आवाज ऐकू येतोय. ते आत आले की नेहमीसारखे आधी माझ्याकडेच वळतील.

साहेब, हात जोडले असते, पण मला हात नाहीत. यंदा मला विचारू नका. मासाकला विचारा. तिनं चहा ठेवलाय.