पायरीवरचा दहावा अर्थ

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी सोपान सरांनी आपला जाडजूड इंग्रजी शब्दकोश दहावीच्या वर्गापुढे टेबलावर ठेवला.

"चारला माझी जामखेडची गाडी. तोवर 'सेट' या शब्दाचे जास्तीत जास्त अर्थ जो आणील, कोश त्याचा. पण पुस्तकातले चालायचे नाहीत. ज्याच्या कामात शब्द सापडला, त्याची चिठ्ठीवर सही आणा, नाहीतर अंगठा."

विजयमालेची नजर कोशावरून हटेना. जूनमध्ये तिला श्रीरामपूरला सायन्सला जायचं होतं. तिथं सगळं इंग्रजीतून, आणि घरी छापील म्हणावं असं एक पंचांग.

ती पळत सुटली. मळ्यात पाण्याचा पंपसेट, कासारणीकडे बांगड्यांचा सेट, ग्रामपंचायतीत रेडिओ सेट. हेडमास्तरांनी पेपर सेट केला होता, शिपाई रोज घड्याळ सेट करायचा. हाडवैद्य गोजरबाईला तर तिनं शब्दच शिकवला. "मोडलेलं हाड बसवायचं ना आजी, त्यालाही सेटच म्हणतात." म्हातारी खूश. "मंग इंग्रजांचीबी हाडं मोडत्यात म्हन की!" म्हणत तिनं दोनदा अंगठा उठवला.

पावणेचार वाजले तेव्हा चिठ्ठ्या नऊ झाल्या होत्या. वेशीपाशी वर्गातला गोरक्ष भेटला.

"विजे, माझेबी नऊ! जा आता, भाकरी थाप."

"सकाळीच थापल्या. तू उपाशी दिसतोस, येतोस का?"

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. दोघंही शाळेकडे धावले. गोरक्ष पुढं गेला, दाराशी वळसा घेऊन आत शिरला. विजयमाला सरळ घुसली आणि तिचा पाय थंडगार चिखलात घोट्यापर्यंत रुतला.

"आगं ये भवाने!" सूर्यभान गवंडी थापी घेऊन ओरडला. "सिमिट सेट न्हाई झालं आजून! सकाळपासनं राखतोय पायरी!"

ती जागच्या जागी थिजली. मग तिचे डोळे चमकले.

"काका, काय म्हणालात? परत म्हणा!"

"पाय काढ म्हनलो!"

"त्याच्या आधीचं! आणि इथं अंगठा द्या!"

गलका ऐकून सर दारात आले. पायरीत रुतलेला पाय, हातात कोरी चिठ्ठी, कपाळाला हात लावून बसलेला गवंडी. सर हसायला लागले.

"चिठ्ठी राहू दे. हा पुरावा माझ्या बदलीनंतरही टिकेल."

त्यांनी कोश तिच्या हातात दिला आणि ओली पायरी टाळून खिडकीतून बाहेर उतरून गाडीकडे गेले.

गोरक्ष पायरीकडे बघत राहिला. "सकाळपासनं सात वेळा वळसा घातला मी हिला," तो म्हणाला.

एक पाय सिमेंटनं करडा, दुसरा धुळीचा, अशी विजयमाला ओट्यावर बसली आणि तिनं कोशात तो शब्द काढला. अर्थ वाचत गेली, पान संपलं. उलटलं, तरी शब्द तोच.

"अरे, इकडं ये!" ती ओरडली. "अजून संपतच नाहीये!"